बोडीतली रोवणी

बेशरम मुळासकट उपटली की तिच्या तुटल्या देठांतून पांढरा चीक पाझरतो आणि हवेत एक हिरवा, कडसर वास पसरतो. ओल्या लाकडाचा धूर आणि दुधीची ताजी साल यांच्या मधला कुठलातरी. लाखनीच्या बाजूने येताना महामार्गावर, ट्रकांच्या डिझेलच्या भपक्यातूनही तो मला ओळखू येतो आणि मी बसच्या खिडकीशी एकदम सावध होऊन बसते. त्या वासामागोमाग तापलेला चिखल येतो, खडू लागलेली लहान बोटे येतात, आणि हसण्याचा एक मोठा गलका येतो. ज्या झुडपाचे नावच बेशरम, ते उपटायला अख्खी प्राथमिक शाळा पाठवल्यावर दुसरे काय होणार?

"मॅडम, हा मले बेशरम म्हणून राहिला."

"तुले नाही बे, झाडाले म्हणलो."

"मंग माझ्याकडं पाहून काहून म्हणलास?"

आमची शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते पाचवीची. अड्याळच्या बाजाराला निघालेली माणसे शाळेच्या फाटकावरूनच जात आणि त्यांच्या पिशव्यांतल्या कांद्यांचा वास वर्गापर्यंत येई. शाळेच्या मागे एक बोडी होती. बोडी म्हणजे लहान तळे. उतारावरून येणारे पाणी मातीची पाळ घालून अडवायचे आणि खालच्या धानाच्या बांध्यांना, म्हणजे खाचरांना, द्यायचे, ही या भागाची फार जुनी रीत. मी मात्र तळे शिकले होते ते कवितेच्या वर्गात, चंद्रबिंबासकट आणि कमळांसकट. नोकरीच्या पहिल्या दिवशी शाळेमागचे तळे पाहिले तेव्हा त्यात यांपैकी काहीही नव्हते. बेशरमीने चहूकडून आत सरकत सरकत पाण्याचा एक काळा डोळा तेवढा उघडा ठेवला होता. खिचडीची भांडी घासलेले पाणी, पोरांनी हात धुतलेले पाणी, सारे एका नालीतून त्या डोळ्यात जाऊन पडत होते. दुपारी वारा फिरला की आंबट वास येई आणि मुले कविता म्हणता म्हणता नाक दाबत.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ती बोडी मुरूम टाकून बुजवावी आणि तिथे खेळायला मैदान करावे, असा विषय आला. तो मांडला समितीच्या अध्यक्षबाईंनी. त्यांचे शेत पाळीच्या खालीच होते आणि मुलगी आमच्याच शाळेत पहिलीत होती. उंच, सडसडीत, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहणाऱ्या बाई. मी नवी होते, उत्साही होते. पाणी, पक्षी, निसर्ग असे काहीतरी बोलू लागले. त्यांनी मला पूर्ण बोलू दिले आणि मग शांतपणे म्हणाल्या,

"मॅडम, तुमाले पाणी सुंदर दिसते. मले नाही दिसत. माझा लहाना भाऊ अशाच बोडीनं नेला. पाखरं पाहाले गेला होता, बस. आता माझी पोरगी याच पाण्याच्या काठी अ आ ई शिकून राहिली. मले रातची झोप नाही. बुजवा म्हणतो मी."

बाहेर ओसरीवर चौथीतल्या मुली बसल्या होत्या, त्यांना सारे ऐकू येत होते. त्यांच्यातल्या एकीने दाराशी डोके काढून विचारले, "बोडी बुजवली त मंग बेडकं कोठी जातीन?"

अध्यक्षबाई तिच्याकडे वळल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "जातीन कुठंबी. त्यायले पोहता येते."

मग मुख्याध्यापक सर पुढे सरकले. त्यांचे मूळ गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेले. पाणी हा शब्द ते नेहमी जरा जपून उच्चारत. ते म्हणाले, "ताई, तुमचं भेव खरं आहे. मुरमाचा ट्रॅक्टर तसाही दिवाळीनंतरच मोकळा होणार. तोवर हा एक पावसाळा पोरांना द्या. बोडी साफ करतील, पाणी साफ करतील. दिवाळीनंतर तुम्ही म्हणाल तसं."

बाईंनी ओसरीकडे पाहिले. "कुंपण पहिले," त्या म्हणाल्या. "मंग बाकीचं."

आणि कुंपण त्यांनी स्वतःच घातले. घरचा बांबू तोडून आणला, फाडला, आडवा-उभा बांधला, आणि प्रत्येक गाठ हाताने ओढून पाहिली. फाटकाला दोराचा असा वेढा घातला की तो त्यांच्याशिवाय कोणाला सुटेना. काम असेल तेव्हाच तो सुटे, आणि मुले आत असेपर्यंत त्या पदर खोचून पाळीवर उभ्या राहत. एखाद्या पोराचा पाय जरा जोरात पडला की त्यांचा आवाज येई, "हळू. हळू चाल." मुलांनी तो शब्द त्यांच्या माघारी उचलला. वर्गात कोणी पाटी आपटली की चार बाजूंनी त्याच सुरात येई, "हळूऽऽ", आणि सगळा वर्ग खिदळे. सर ओठ दाबून फळ्याकडे वळत.

उन्हाळा लागला, पाणी तळाशी गेले आणि उपटणे सुरू झाले. मोठी माणसे कुदळीने मुळे सैल करत, मुले ओढून काढत. बेशरमीचा एक तुकडा जरी ओल्या मातीत राहिला तरी तो पुन्हा फुटतो, म्हणून धाकटी मुले काड्या वेचत फिरत. त्याच दिवसांत सरांनी नालीच्या तोंडाशी एक उथळ चर खणवला. त्यात गिट्टी, तिच्यावर वाळू, आणि वाळूत कर्दळीचे कंद. भांडी घासायला साबणाऐवजी राख आणली. तेलकट, राखाडी पाणी चराच्या एका टोकाने शिरायचे आणि दुसऱ्या टोकाने थेंब थेंब बाहेर यायचे. मुले तिथे उकिडवी बसून नाकाने तपासत. एके दिवशी तिसरीतली एक मुलगी धावत येऊन म्हणाली, "मॅडम, पाण्याचा वास गेला." मी जाऊन वाकले. खरेच गेला होता. तिथे फक्त मातीचा वास होता, भरल्या माठाच्या तळाशी असतो तसा. कर्दळीच्या मुळांना ही विद्या कोणी दिली, हे विचारावे असे मला वाटले, आणि विचारायला कोणी नव्हते म्हणून मी तशीच वाकून राहिले.

पाऊस सुरू झाल्यावर मासेमारी करणाऱ्या दोन घरांतल्या बापांनी मोठ्या तलावातून पाणवनस्पती आणून दिल्या. ओल्या पोत्यांत गुंडाळलेल्या, चकचकीत, थंडगार. काहींची पाने तळहाताएवढी, काहींची केसांसारखी बारीक. त्या बोडीत लावायच्या होत्या. कशा लावायच्या हे आम्ही मुलांना सांगितले नाही. सांगायची गरज कोणाला वाटली नाही, कारण गावात तेव्हा घरोघर रोवणी, म्हणजे धानाची लावणी, चालू होती.

मुलांनी रोवणी केली. धानाची करतात तशी. घोट्याएवढ्या पाण्यात ओळ धरून, कमरेत वाकून, मागे मागे सरकत. मोठी मुले रोपांच्या पेंढ्या फेकत होती, लहानग्या हातांचा अंगठा आणि दोन बोटे चिखलात शिरून रोप सोडत बाहेर येत होती, आणि तोंडाने घरी ऐकलेले बोलणेही चालू होते.

"सरक ना वं मागं, ओळ तुटून राहिली."

"तुझीच वाकडी हाये. तुह्या आजीनं पाहिलं त बांधीतून हाकलंन तुले."

मी पाळीवरून पाहत होते. त्या लहान पाठी, ते एकाच लयीत उठणारे हात. हा हाताचा ठेका कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हता. तो त्यांच्या अंगात कोण जाणे किती पिढ्यांपासून येऊन बसलेला होता. संध्याकाळी बोडीच्या काठाकाठाने सरळ, हिरव्या ओळी उभ्या होत्या, आखलेल्या वहीसारख्या.

आणि धान लावणाऱ्यांची मुले तेवढ्यावर थांबत नाहीत. रोवणीनंतर निंदण आलेच. पुढचे काही शनिवार ती ओळींमधले गवत उपटत राहिली. धानासारखे दिसते पण धान नसते असे एक रानटी गवत बोडीच्या काठाला आपोआप उगवले होते. इकडे त्याला करगा म्हणतात आणि तो दिसला की शेतकऱ्याचा हात आधी तिकडे जातो. मुलांनी करग्याची काडीही ठेवली नाही. घरच्या बांधीत त्यांना शाबासकी मिळाली असती, इतके ते निंदण स्वच्छ होते.

मग आषाढात एकदा झड लागली. शाळेच्या पत्र्यावर असा आवाज की एकमेकांचे बोलणे कळेना. झड उघडल्यावर मुले आधी कुंपणाशी धावली आणि तिथे नुसतीच उभी राहिली. बोडी काठोकाठ भरली होती आणि त्यात एकही ओळ नव्हती. घोट्याएवढ्या पाण्यात लावलेली रोपे कमरेएवढ्या पाण्यात कशाला धरून राहणार? मातीला बांधून ठेवणारे गवत तर आम्हीच काढून टाकले होते. सगळी रोपे उखडून, वाहत वाहत, पाणी बाहेर पडते त्या सांडव्याच्या कोपऱ्यात गोळा झाली होती. मुळे वर, पाने खाली, मध्ये आम्ही उपटून पाळीवर टाकलेल्या करग्याची वाहून आलेली थोटके. एक ओला, गुंतलेला ढीग.

अध्यक्षबाई आल्या. त्यांनी पाण्याची खोली पाहिली, आणि त्यांचा चेहरा असा मिटला की मला त्यांच्याकडे पाहवेना. "झालं?" त्या म्हणाल्या, एवढेच. मग कुंपणाची एक गाठ सैल वाटली म्हणून ती आवळत बसल्या. जाताना सरांना सांगून गेल्या, "ट्रॅक्टरवाल्याले मी शब्द देऊन ठेवला हाये."

पाचवीतली मुले तो ढीग ओढून काढायला निघाली. धानात असे काही साचले तर काढावेच लागते. सरांनी त्यांना अडवले.

"राहू द्या तिथंच."

"सर, सडंन ना ते."

"बघू तर खरं. तुमची रोवणी तुम्ही केली. ही पाण्याने केलेली आहे. पाण्याला कसं जमतं, पाहू."

मला वाटते, सरांनाही काही ठाऊक नव्हते. हरलेल्या मुलांना सांगायला त्यांच्याजवळ तेवढेच होते.

पण श्रावणात त्या कोपऱ्यात जे घडू लागले, त्याच्यासमोर मी माझे शिकलेले सारे शब्द हातात धरून नुसती उभी राहिले. उलट्या पडलेल्या मुळांनी वळून पुन्हा तळ शोधला. थोटकांतून करगा फुटला आणि त्याने सगळ्यांना एकमेकांशी बांधले. मग पाने आली. आधी मुठीसारखी मिटलेली, पाण्यावर पोचल्यावर सावकाश उलगडणारी. पावसाचा थेंब त्यांच्यावर पडे आणि न भिजवता, पाऱ्यासारखा घरंगळून जाई. सकाळी पहिल्या तासाला पांढरी फुले उघडत आणि उन्हाबरोबर मिटत. त्यांना शाळेच्या घंटेपेक्षा वेळ चांगली कळे. मग चतुर आले, काचेच्या पंखांचे, लाल आणि निळे. त्यांच्यामागे बेडकांचे आवाज. एकाने सुरुवात करायची आणि मग काठावरून काठावर तो आवाज पसरत जायचा, जशी वर्गात पाढ्यांची साथ पसरते. दुपारचा वास बदलला. आंबटपणाच्या जागी थंड, किंचित गोडसर असे काही आले, ज्याला नाव नव्हते. मुले कविता म्हणताना आता नाक दाबत नव्हती. खिडकीकडे पाहत होती.

आणि भाद्रपदाच्या तोंडाशी एक पक्षी आला. काळसर हिरवी मान, पितळेच्या जुन्या भांड्यासारखी चमकणारी पाठ, डोळ्यावरून मागे ओढलेली एक पांढरी रेघ. त्याच्या पायांची बोटे इतकी लांब होती की तो पानांवरून चालत होता, खरोखरच पाण्यावरच्या पानांवरून, आणि पान फक्त एक श्वास घेतल्याइतके दबत होते. मुलांनी कुंपणाला तोंडे लावली. कोणी हसले नाही. आता दुसरीत गेलेली पोर, अध्यक्षबाईंची मुलगी, कुजबुजली, "तो बुडत काहून नाही?"

"पाय पसरून, हळूहळू चालतो ना, म्हणून," मी म्हणाले, आणि मग तिची आई पाळीवर आहे का ते नकळत पाहिले. नव्हती.

त्याने त्याच ढिगावर घरटे केले. घरटे कसले, चार काड्या आणि एक ओले पान. सरांची जुनी दुर्बीण हातोहात फिरली. आत तपकिरी, लकाकणारी अंडी होती आणि त्यांच्यावर काळ्या रेघोट्या. वाकड्या, गुंतलेल्या, एकीवरून दुसरी गेलेली. पहिलीच्या मुलांनी पाटीवर पहिल्यांदा पेन्सिल टेकवल्यावर अशाच रेघा उमटतात. सबंध वर्गाने त्या अंड्यांवर एकेक अक्षर वाचून दाखवले.

सरांनी सांगितले की अंड्यांवर बसतो तो बाप. मादी अंडी घालून निघून जाते. उबवणे, पिल्ले सांभाळणे, सारे त्याच्याकडे. यावर मात्र गलका झाला.

"बाप? आमचा बाबा त चहाबी नाही मांडत."

"मंग आजपासून त्याले दुर्बिणीतून दाखव."

त्या दिवसांत अध्यक्षबाई बोडीकडे फिरकल्या नाहीत. शेतात काम होते हे खरे, आणि मुलगी रोज घरी जाऊन काय सांगत असेल, हेही मला कळत होते. फाटकाचा दोर मात्र त्या सकाळी शाळा भरण्याआधी येऊन तपासून जात, पाण्याकडे न पाहता. पाखरे पाहायला गेलेल्या कुण्या मुलाची त्यांना आठवण येत असणार. आणि आमची सगळी शाळा तर आता पाखरेच पाहत होती.

दिवाळीनंतर मुरूम आला आणि तो शाळेच्या पुढच्या फाटकाशी साचणाऱ्या चिखलावर पडला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यासाठी बैठक झाली, ठरावही झाला. पण माझ्या लेखी ते सारे त्याआधीच, एका दुपारी ठरले होते.

खिचडीची वेळ होती. मी रांगेवरून नजर फिरवली आणि अध्यक्षबाईंची मुलगी दिसेना. वर्गात नव्हती, नळाशी नव्हती. शाळेला वळसा घालून मी मागे धावले तेव्हा पाळीच्या वाटेने तिची आई येताना दिसली. डोक्यावर गवताचा भारा, आणि तिने मुलीला माझ्याआधी पाहिले होते. भारा तिथेच पडला. मुलगी कुंपणाच्या अलीकडे, फाटकाजवळ ओल्या मातीत पोटावर पालथी पडली होती, बांबूच्या फटीत कपाळ खुपसून. दोर बांधलेला होता. ती कुंपणाच्या बाहेरच होती, पण हे आईच्या डोळ्यांना त्या क्षणी दिसले असेल असे मला वाटत नाही. आई पोचली, वाकली, पोरीचा दंड धरून तिला ओढायला हात पुढे केला. मुलीने मागे न पाहता आपला चिखलाचा हात वर केला आणि बोट ओठांवर ठेवले.

आईचा हात हवेतच राहिला.

मग ती गुडघ्यांवर आली. मग पालथी. लेकीच्या शेजारच्या फटीला तिने आपला डोळा लावला.

मी कुंपणाशी पोचत होते आणि आता मलाही दिसले. अंडी फुटली होती. कापसाच्या बोंडाएवढी पिल्ले, आणि त्या इवल्या देहांना केवढाले पाय; ती पानावरून पानावर चालत होती, जन्मून काही तास झाले नसतील आणि पाणी त्यांना झेलत होते. आमच्या पावलांनी बापाने मान उचलली. तो खाली बसला, पंख जरासे उघडले, आणि पिल्ले एकेक करून त्याच्या कुशीत शिरली. तो उभा राहिला तेव्हा पिल्ले दिसत नव्हती; पंखांखालून फक्त त्यांच्या पायांचे बारीक झुपके लोंबत होते. सगळी लेकरे काखेत घेऊन तो बाप पाण्यावरून चालू लागला, एका पानावरून दुसऱ्या पानावर, आणि एकही पान बुडाले नाही.

अध्यक्षबाईंच्या गालाला चिखल लागला होता. त्यांचा एक हात लेकीच्या पाठीवर होता, पण त्याने तिला धरलेले नव्हते. तो नुसता टेकलेला होता. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटले, त्या कोणाला तरी ते सारे सांगत आहेत, जो त्यांच्याआधी फार वर्षांपूर्वी पाखरे पाहायला गेला होता.

काहीतरी बोलावे म्हणून मी एक पाऊल पुढे टाकले आणि चिखलात माझी चप्पल वाजली. बाईंनी नजर पाण्यावरून हलवली नाही. मागे हात करून त्यांनी माझा घोटा घट्ट धरला आणि म्हणाल्या,

"हळू."